लेबलाशी इमान

धारवाडच्या एका फार्मसी कॉलेजातील संशोधक नागसेन याने रक्तदाबाच्या एका गोळीत एकसष्ट टक्केच औषध असल्याचे शोधून काढले. हे वाक्य वाचकांनी विसरावे. असे काही घडलेले नाही. जे घडले नाही ते येणेप्रमाणे.

औषध-विश्लेषण हे सत्याचा शोध घेणारे शास्त्र आहे. सत्य गोळीच्या पाकिटावर आधीच छापलेले असल्याने हा शोध सहसा वेळेत संपतो. पाकिटावर पाच मिलिग्रॅम लिहिले असेल, तर संशोधकाने यंत्र, द्रावण आणि स्वतःचा जीव इकडेतिकडे हलवून पाचच्या आसपास यायचे असते. अगदी पाच आले तर परीक्षकांना संशय येतो, म्हणून ४.९८ हा आकडा सभ्य समजला जातो. (बहुतेक प्रबंध ४.९८ चेच असतात. उरलेले ५.०१ चे, ती मंडळी मुळात उधळी.)

नागसेनची चूक एवढीच, की सँपल म्हणून त्याने घरातली गोळी उचलली. आई पारूबाईसाठी तोच ती हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून आणायचा. कॉलेजच्या खरेदी समितीकडे (स्थापना झाली आहे, बैठक व्हायची आहे) मागणी करण्यापेक्षा हे सोपे होते. इतकी वर्षे गोळी घेऊनही पारूबाईचा रक्तदाब खाली येत नव्हता. त्याचा ठपका घरात मीठ, लोणचे, थोरली सून आणि टीव्हीवरची मालिका यांच्यावर आळीपाळीने ठेवला जाई. गोळीवर कुणी संशय घेतला नव्हता. ती लेबल लावून आली होती.

यंत्राने एकसष्ट सांगितले. नागसेनने द्रावण बदलले, पाकीट बदलले, दुकान बदलले. एकसष्ट. तो गाईडकडे, डॉ. प्रभंजन यांच्याकडे गेला.

“सर, गोळीत औषध कमी आहे.”

“एनप्पा, काय रे हे, पीएचडी तुझी का गोळीची?” सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “गोळी परवाना घेऊन आलीय. तुझ्या पद्धतीला आहे काय परवाना?”

“पण दुसऱ्या कंपनीची गोळी घातली की नव्याण्णव येतंय की सर.”

“म्हणजे तुझी पद्धत दुसऱ्या कंपनीकडं झुकतीय. पक्षपात झाला हा. काढून टाक.”

युक्तिवाद बिनतोड होता. पद्धत आणि गोळी यांच्यात मतभेद झाल्यास पद्धतीने माघार घ्यावी, कारण पद्धत वकील लावत नाही. शिवाय नागसेनची नोकरी कायम होणे पदवीवर अडले होते, आणि आईचे औषधपाणी नोकरीवर. थोडक्यात, आईला गोळी मिळत राहावी म्हणून गोळीत औषध आहे असे सिद्ध करणे भाग होते.

त्याने पद्धत दुरुस्त केली. आलेखावर औषधाशेजारी गोळीतल्या पिठाचा एक उंचवटा होता, तोही औषधातच मोजला. (दूध कमी भरले तर भांड्यासकट मोजतात, तसे.) ४.९८ आले. परीक्षकांनी अचूकतेचे कौतुक केले, पेढे वाटले गेले, नोकरी कायम झाली.

कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारात नागसेनने आईसाठी गुपचूप दुसऱ्या कंपनीची गोळी आणली.

“आजपासून ही घे, आई.”

“का म्हणून? ती माझ्या लेकानं पास केलेली गोळी हाय. गल्लीत सगळ्यांना तीच घ्या म्हणून सांगितलंय मी. यमुनाक्कानं तर तिची जुनी टाकून दिली.”

“अगं, ही जरा बरी आहे.”

“जरा बरी? मग एवढ्या जाड पुस्तकात काय लिवलास?”

नागसेन बूट शोधू लागला. बूट पायातच होते.

पारूबाईने नवी गोळी परत पाठवली. आज कमरीपेठेतली ती अख्खी गल्ली डॉ. नागसेन यांनी प्रमाणित केलेली गोळी घेते. यमुनाक्काला परवा नळावर चक्कर आली. तिने उन्हाला दोष दिला. पारूबाईचा रक्तदाब वाढलेलाच आहे, पण आता तो अभिमानाने वाढतो. नागसेन रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला गोळी देतो आणि पाणी संपेपर्यंत खिडकीबाहेर बघतो.

प्रबंधाचा बोलबाला झाल्यापासून मागणी वाढली असून ही गोळी आता आपल्याही गावात मिळते. तरी सर्व वाचकांना कॉलेजच्या औषध-विश्लेषण विभागातर्फे विनंती करण्यात येते की, आपला रक्तदाब प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांशी विसंगत आढळल्यास आपण तो तातडीने दुरुस्त करावा व तीन प्रतींत, स्वतः हजर राहून, सादर करावा.