राजलक्ष्मीच्या दप्तरातली तूरडाळ

राजलक्ष्मीचं वजन वीस किलो भरलं, म्हणून तिच्या दप्तरात एक किलो तूरडाळ ठेवायची, असं ईश्वरीनं ठरवलं. एक किलो म्हणजे बरोबर पाच टक्के. ईश्वरीला टक्के फार आवडत. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, असा तिचा समज होता.

"डाळच का पण, मॅडम?" राजलक्ष्मीच्या आईनं, मोनालीनं विचारलं. ती महाप्याला एका कंपनीत होती आणि हाफ डे टाकून आली होती.

"तांदूळ, वाळू, काहीही चालेल. फक्त टोचणारं नको."

"मग डाळच बरी. तिला नाही लागू पडली तर वरण तरी होईल."

तिकडे राजलक्ष्मी मोठ्या रबरी चेंडूवर उभं राहायचा प्रयत्न करत होती. वय वर्षं सहा. खोलीत आल्यापासून वीस मिनिटांत ती भिंतीवर दोनदा, कपाटावर एकदा आणि कोपऱ्यात बसलेल्या आजोबांवर चारदा आदळली होती. ईश्वरीनं मोजलं होतं.

लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेऊन ईश्वरी सुमेधा मॅडमच्या पनवेलच्या केंद्रात लागली होती आणि राजलक्ष्मी ही तिनं एकटीनं हातात घेतलेली पहिली केस. तिनं मोनालीला सोप्या भाषेत समजावलं, की आपले सांधे आणि स्नायू मेंदूला सारखी बातमी देत असतात: हात इथे आहे, पाय तिथे आहे. राजलक्ष्मीकडे ही बातमी बहुधा फार हळू आवाजात पोचते. ती मोठ्यानं ऐकू यावी म्हणून ती उड्या मारते, आदळते, लोकांना ढकलते. थोडं ओझं उचललं, काही जड ढकललं, की आवाज वाढतो आणि काही मुलं शांत होतात. सगळीच होतात असं संशोधन सांगत नाही, म्हणून तर मोजायचं.

मोजायला महिनाभरच होता. शाळेत प्रार्थनेला राजलक्ष्मी रांगेत उभी राहत नसे. पुढच्या मुलीला ढकले, मग पुढची तिच्या पुढचीला, आणि रांगेच्या टोकाला कुणीतरी रडायला लागे. टीचरनी मोनालीला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "महिनाभर बघू या. नाहीच जमलं तर तुम्ही दुसरी शाळा बघितलेली बरी." करंजाड्यात चालत जाता येईल अशी ती एकच शाळा होती. आई महाप्याला, बाबा कुलदीप रबाळ्याला पाळीवर. बसची शाळा घेतली तर पोरीला पोचवायचं कुणी, आणायचं कुणी?

ईश्वरीनं फ्रिजवर लावायला एक तक्ता करून दिला. अंथरुणं उचलणे, खुर्च्या सरकवणे, पाण्याच्या बाटल्या भरून आणणे, दप्तर शाळेत नेणे. पुढे रकाना: 'काम झालं का?'

इतका वेळ गप्प बसलेल्या आजोबांनी तेव्हा प्रथमच तोंड उघडलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा आणि दाराच्या चौकटीइतके रुंद खांदे.

"ही डाळ पोरीनं उचलायची?"

"हो, आप्पा."

"रोज?"

"रोज. जाताना आणि येताना."

"हं," आप्पा म्हणाले.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात 'हं' या विषयावर एकही धडा नव्हता. ईश्वरीनं तो होकार समजून लिहून घेतला.

मोनालीनं जुन्या साडीच्या पाव-पाव किलोच्या चार पुरचुंड्या शिवल्या आणि रोज सकाळी कामावर निघताना त्या दप्तरात भरू लागली. आठवड्यानं तक्ता आला. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा, एकही रिकामा नाही. शाळेतला अहवाल मात्र जसाच्या तसा होता. ईश्वरीनं विचार केला, बातमीचा आवाज कमी पडत असेल. तिनं डाळ दीड किलो केली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळ्या खुणा, आणि शाळेत राजलक्ष्मीनं बाकावरून उडी मारून फळ्याखालचा डस्टर थेट खिडकीबाहेर पाठवला. ईश्वरीनं डाळ दोन किलो केली. म्हणजे दहा टक्के. याच्या पुढे जायचं नाही, असं तिच्या पुस्तकात ठळक अक्षरांत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मोनालीचा मेसेज आला. "मॅडम सगळं करतोय तरी काय फरक नाय. टीचरनी सोमवारी भेटायला बोलवलंय. लय टेन्शन आलंय. बाकी घरी शांतता. आप्पांची रात्रीची येरझार पण बंद झालीय."

ईश्वरीनं शेवटची दोन वाक्यं वाचली आणि सोडून दिली. आप्पा तिच्या फाइलमध्ये नव्हते.

तिनं कागदावर आलेख काढला. डाळीची रेघ चढत होती आणि राजलक्ष्मीच्या उड्यांची रेघ समुद्रसपाटीला समांतर चालली होती. आपलं निदानच चुकलं, असं तिला वाटू लागलं. तिनं सगळे कागद सुमेधा मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी आलेखाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तक्ता उचलला.

"एकवीस दिवस. एकही खूण चुकली नाही?"

"नाही. फार शिस्तीची माणसं आहेत."

"ईश्वरी, एकवीस दिवस न चुकता काम झालेलं घर मी वीस वर्षांत पाहिलं नाही. माझंसुद्धा. सकाळी जाऊन बघून ये."

म्हणून गुरुवारी सकाळी ईश्वरी करंजाड्यात, त्यांच्या इमारतीसमोरच्या नारळवाल्याच्या गाडीआड उभी राहिली. निरीक्षण करताना आपण दिसू नये, नाहीतर माणसं वागणं बदलतात, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं ओढणी डोक्यावरून तोंडाभोवती घेतली आणि वही काढली.

आठ वाजता आप्पा आणि राजलक्ष्मी खाली आले. फाटकापाशी आप्पा थांबले, इकडेतिकडे पाहिलं, नातीच्या पाठीवरचं, सशाचं चित्र असलेलं गुलाबी दप्तर उतरवलं आणि त्यातल्या पुरचुंड्या एकेक करून स्वतःच्या कापडी पिशवीत टाकल्या. आठच्या आठ. मग हलकं झालेलं दप्तरही स्वतःच्याच खांद्याला अडकवलं. मोकळी झालेली राजलक्ष्मी गटाराच्या झाकणांवरून उड्या मारत पुढे निघाली आणि आप्पा मागून, डाव्या खांद्यावर गुलाबी ससा, उजव्या हातात दोन किलो डाळ, ताठ मानेनं, चक्क खुशीत चालू लागले.

ईश्वरी मागे निघाली. ते थांबले की ती थांबे. राजलक्ष्मी वळली की ती विजेच्या खांबामागे जाई. खांब तिच्यापेक्षा बारीक होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या मात्र आलं.

"ओ बाई!" मागून आवाज आला. सोसायटीचा वॉचमन किसन काठी घेऊन धावत आला होता. "कोन हाय तुमी? कवाधरनं बघतंय मी. पोरीच्या मागं काय लागल्याव?"

"मी थेरपिस्ट आहे. निरीक्षण करतेय."

"तोंड झाकून?"

"ती पद्धत आहे."

"पोरं पलवायची?" किसननं आवाज चढवला. दूधवाला थांबला. दोन रिक्षा थांबल्या. एका काकूंनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"वहीत बगा काय लिवलंय," किसननं वही ओढून मोठ्यानं वाचली. "'आठ वाजून चार मिनिटं. मुलगी एकटी पुढे. आजोबा बारा पावलं मागे.' आता बोला!"

गर्दीनं 'अरे बापरे' म्हटलं. स्वतःचं अक्षर इतकं सुवाच्य असल्याचा ईश्वरीला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

गलका ऐकून आप्पा वळले. ओढणीखालचा चेहरा ओळखला आणि "आवं सोडा, सोडा त्यास्नी! आपल्या बाई हाईत त्या!" म्हणत धावले. पिशवीला बहुधा धावण्याची सवय नव्हती. बंद तुटला, पुरचुंड्या रस्त्यावर आपटल्या, आठातल्या तीन फुटल्या आणि पिवळीधमक तूरडाळ थेट ईश्वरीच्या चपलांपर्यंत पसरली. समोरच्या गच्चीवरची कबुतरं खाली उतरली.

आप्पा डाळीकडे बघत राहिले आणि ईश्वरी आप्पांकडे.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "ही डाळ राजलक्ष्मीच्या पाठीवर असायला हवी होती."

"व्हय."

"आणि तक्त्यावरच्या खुणा?"

"म्याच केल्या. पन खोटं न्हाय लिवलं, बाई. तुमी इचारलंय, काम झालं का. काम झालं. कुनी केलं, ते कुठं इचारलंय?" आप्पांनी पंचानं तोंड पुसलं. "तुर्भ्याच्या मार्केटात चाळीस वर्सं हमाली केली. ट्रक खाली झाला म्हंजी टोळीनं केला. एकाच्या नावानं काम नसतंच तितं. एकाला जड झालं, की दुसरा घेतो."

"पण तिला जड होत नव्हतं!"

"मला हुत हुतं!" आप्पा एकदम म्हणाले. मग आवाज उतरला. "माझा बाप साताऱ्याकडनं आला, त्यानं पोती उचलली. म्या उचलली. कुलदीप कंपनीत लागला, तवा म्हनलं, चला, ओझं माझ्यापाशी थांबलं. नात झाली, नाव ठिवलं राजलक्ष्मी. आन् तुमी तिला मोजून ओझं लिवून दिलं. टक्क्यानं."

काकूंनी मोबाइल खाली केला. किसननं वही हळूच ईश्वरीच्या हातात परत दिली.

टक्क्यांशी वाद घालता येत नाही, हे खरं. पण टक्क्यांना आजोबा असतो, हे ईश्वरीच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या 'हं'मागे काय आहे, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

तेवढ्यात तिला मोनालीचा मेसेज आठवला.

"आप्पा, अंथरुणं कोण उचलतं?"

"म्याच."

"खुर्च्या?"

"ती बसती, म्या सरकवतो. लई हसती."

"बाटल्या? दप्तर? डाळ?"

"आता समदं सांगितलं की."

"आणि रात्री झोप कशी लागते?"

आप्पा जरा विचारात पडले. "झकास. रिटायर झाल्यापासनं डोळ्याला डोळा नव्हता. ह्या महिन्यात मातर..." त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि थांबले. "डाळ चालू झाल्यापासनं."

ईश्वरीला भर रस्त्यात हसू फुटलं. आलेख बरोबर होता, डाळ बरोबर होती. फक्त पेशंट बदलला होता. वीस किलोच्या पोरीचं औषध चौसष्ट वर्षांच्या आप्पांना लागू पडलं होतं.

"आप्पा." खालून आवाज आला.

राजलक्ष्मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती. केव्हापासून, हे कुणी पाहिलंच नव्हतं. कबुतरांना हुसकत तिनं ओंजळीओंजळीनं बरीचशी डाळ आप्पांच्या पंचावर गोळा केली होती, त्यावर उरलेल्या पाच पुरचुंड्या रचल्या होत्या आणि चारी टोकं एकत्र धरून ती ते गाठोडं ओढून पाहत होती.

"आप्पा, हे कसं उचलायचं?"

कुलदीपनं हा प्रश्न आप्पांना कधी विचारला नव्हता. त्यानं तो विचारू नये, म्हणूनच तर त्यांनी त्याला शिकवलं होतं. पण चाळीस वर्षांत कमावलेली ती एक विद्या कुणाला तरी द्यावीशी वाटत होती, हे आता त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

ते गुडघ्यावर बसले. "हातानं न्हाय वडायचं, बाळा. आदी पाय रोव. ह्ये असं, रुंद. ओझं पोटाशी घे, लांब धरलं की ते आपल्याला धरतं. आता दम घे आन् मांड्यांनी ऊठ."

तिसऱ्या वर्षाला ईश्वरीनं जे चार तास बसून ऐकलं होतं, ते आप्पांनी चार वाक्यांत संपवलं.

राजलक्ष्मी उठली. गाठोडं पोटाशी होतं, एका बाजूनं आप्पांचा हात होता. शाळेच्या फाटकापर्यंत ती एकाही झाकणावर उडी न मारता गेली. पाय कुठे पडतोय, हे तिला बहुधा ऐकू येत होतं.

त्याच संध्याकाळी ईश्वरीनं नवा तक्ता केला. त्यात दोन रकाने होते: 'राजलक्ष्मी' आणि 'आप्पा'. वर लिहिलं, 'टोळी क्रमांक एक'. राजलक्ष्मीला चार पुरचुंड्या, आप्पांना चार.

"मला चारच?" फोनवर आप्पा दुखावले. "आवं, चार तर म्या मिशीवर उचलीन."

सोमवारी टीचर म्हणाल्या, की गेले दोन दिवस राजलक्ष्मी प्रार्थनेच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत उभी राहतेय. पूर्ण नाही, पण रांग पडत नाही. दिवाळीपर्यंत बघू. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मोनालीनं मेसेजमध्ये फक्त एवढंच लिहिलं: "मॅडम पूर्ण प्रार्थना!! दुसरी शाळा कॅन्सल."

सुट्टीनंतर तिघं केंद्रात आली, तेव्हा ईश्वरीनं सवयीनं दप्तरातली डाळ वजनाला लावली. एक किलो हवी होती. काटा सव्वा किलोवर थांबला. तिनं पुन्हा लावली. सव्वा किलो. मग आप्पांच्या पिशवीतली लावली. पाऊण.

"आप्पा?"

"आईशपथ, म्या न्हाय," आप्पा चकित होऊन म्हणाले.

मोनालीनं मान हलवली. दोघींचे डोळे राजलक्ष्मीकडे वळले. ती छताकडे बघत होती.

"राजलक्ष्मी, आप्पांची एक पुरचुंडी तुझ्या दप्तरात कशी आली?"

राजलक्ष्मी ईश्वरीच्या कानाशी आली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "जिना चढताना आप्पाला दम लागतो. टोळीत एकाला जड झालं, की दुसरा घेतो."

आप्पांनी पंचा डोळ्यांना लावला. डोळ्यात कायतरी गेलं म्हणाले.

ईश्वरीनं वही उघडली. वीस किलोला सव्वा किलो म्हणजे सव्वासहा टक्के. तिनं आकडा लिहिला, दोनदा तपासला आणि पुढे लिहिलं: 'चालेल.'