लाल घागरींची कवायत

निर्मलाबाई अखाजीच्या सणाला माहेरी निघाल्या, तेव्हा बैलगाडीत बसल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट बजावली: मी येईपर्यंत नवीन काही सुरू करू नका. मी हो म्हणालो. (नवऱ्यानं गाडी सुटेपर्यंत हो म्हणायचं असतं.) गाडी ओढ्यापलीकडे गेली आणि मी शाळेचं आरोग्य-धोरण हाती घेतलं.

दोष सगळा माझा नव्हता. शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांनी शहाद्याच्या सभेत आम्हा हेडमास्तरांना सांगितलं होतं, की मुलांनी काय खावं आणि अंग किती हलवावं, याचं धोरण ज्याच्या त्याच्या शाळेनं ठरवायचं; सुटीआधी ते स्वतः येऊन बघणार. ज्या शाळेची मुलं मरगळलेली दिसतील, तिथल्या मास्तरला धडगावची हवा दाखवू, असंही ते हसत हसत म्हणाले. आमच्यातलं कुणी हसलं नाही. धडगाव म्हणजे घाटावरचं रान आणि हिवताप. माझ्या आधीचे मास्तर तिकडे बदलून गेले, ते परत आले तेव्हा सख्ख्या आईनं त्यांना दारातून विचारलं, कोण पाहिजे? आणि माझ्या लग्नाला तर वर्षही झालं नव्हतं. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी तळोद्याजवळच्या या गावी लागली आणि सासुरवाडी लोणखेड्याची मिळाली. इथल्या चालीरीती मला निर्मलाबाई सांगतील तेवढ्याच ठाऊक, आणि त्या तर निघून गेल्या होत्या.

धोरण मी एकाच बैठकीत ठरवलं. (बैठकीला मी एकटाच असल्यामुळे मतभेद झाले नाहीत.) उजाडताच कवायत, मग डोळे मिटून निपचित पडून विश्रांती, आणि शेवटी मोड आलेले हरभरे. अडचण एकच होती. एका पातेल्यातलं खायचं म्हटलं, तर कुणाची आई नको म्हणणार, कुणाचा बाप भांडायला येणार. तेव्हा प्रत्येकाला आपापलं मडकं हवं. तळोद्याच्या बाजारात गेलो आणि देव पावला. जिकडे तिकडे लाल, गोल, देखण्या घागरींचे ढीग, आणि प्रत्येकीच्या तोंडावर बसेल असं एक चिमुकलं बोळकं. एरवी वर्षभर न दिसणाऱ्या घागरी नेमक्या याच आठवड्यात एवढ्या कशा आल्या, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता.

मी गाडीभर घागरी मागितल्या, तशी रूपचंद कुंभाराचे हात थांबले.

"कोनाकरता?" त्यानं विचारलं.

"माझ्या मुलांकरता."

"सगळास्ना नावन्या?"

"सगळ्यांच्या. एकालाही वगळायचं नाही. नावं मी स्वतः घालीन."

तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, "हाई कसं व्हयनं, मास्तर?"

"होणार कसं? वेळेवर खाणं नाही, अंगाला हालचाल नाही. दुसरं काय व्हायचं?"

रूपचंदनं उपरण्यानं डोळे टिपले. घागरी त्यानं स्वतः गाडीत रचल्या, मला हात लावू दिला नाही, आणि गाडी निघाली तेव्हा हात जोडून उभा राहिला. शिक्षणाविषयी एवढी आस्था मी साताऱ्याकडेही पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी शाळेच्या ओसरीवर घागरींची रांग मांडली. प्रत्येकीत भिजवलेले हरभरे घातले, वर बोळकं ठेवलं, ते घसरू नये म्हणून गळ्याला कच्चं सूत गुंडाळलं, आणि पोटावर खडूनं एकेका मुलाचं नाव लिहिलं. काम झाल्यावर लांब उभं राहून पाहिलं. फार सुबक दिसत होतं, पण का कोण जाणे, अंगावर काटा आला. वारा असेल म्हणून मी घरी गेलो.

पहाटेची शाळा. धूसर उजेडात मुलं आली आणि घागरी पाहून जागच्या जागी उभी राहिली. नर्मदाबाईंचा मुलगा भिला चांगला वाचणारा. त्यानं आपलं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला हरभरे आवडत नसावेत, असं मी समजलो. कवायतीत बोलायचं नाही हा नियम मी धोरणातच घातला होता, त्यामुळे कुणी काही विचारू शकलं नाही. कवायत झाली. मग मी सगळ्यांना जमिनीवर उताणं निजवलं, प्रत्येकाच्या उशाशी त्याची त्याची घागर, आणि सांगितलं, डोळे उघडायचे नाहीत, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओसरीवर इतकी शांतता पसरली, की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला आणि तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या उंबऱ्यावर राखेची रेघ होती. घागरींवरची नावं कुणीतरी पुसली होती. मी पुन्हा लिहिली, आणि मधल्या सुटीत पाहतो तो पुन्हा पुसलेली. ओसरीवर कुणी येताना दिसलं नव्हतं. निम्मीच मुलं आली, त्यांच्या कपाळाला काजळाचे हे एवढे ठिपके. हजेरी घ्यायला लागलो तर पोरं समोर बसलेली, माझ्याकडे टक लावून बघताहेत, आणि नाव पुकारलं की एकही ओ देत नाही. मी विचारलं तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, की घरून सांगितलंय, मास्तरांनी नाव घेतलं तर बोलायचं नाही.

गावातून जाऊ लागलो की पुढची दारं लागत. बायका पोरांना पदराआड घेत. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि रामरक्षा म्हणतो ती केवळ उच्चार शुद्ध राहावेत म्हणून. त्या संध्याकाळी मी ती शाळेपासून घरापर्यंत मोठ्यानं म्हणत गेलो. मी खरोखर घाबरलो होतो. इथं काहीतरी मेलेलं आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसतंय, असं वाटत होतं.

त्यातच साहेब उद्या येणार असा निरोप आला. रिकामी शाळा म्हणजे धडगाव. मी दारोदार फिरून विनवलं, उद्या एकदाच पाठवा, परवापासून मुलांना माझा काही त्रास नाही. (आता कळतं, हे वाक्य मी बोलायला नको होतं.) बायका थिजल्या. सरकारी साहेब येणार म्हणून बापांनी मात्र पोरं पाठवली.

पहाटे कवायत झाली, मुलं रांगेत निपचित निजली. तेवढ्यात मला दिसलं, की निवडुंगाच्या कुंपणापलीकडे गावातल्या साऱ्या बाया उभ्या आहेत. नर्मदाबाई पुढे आल्या, भिलाच्या उशाची घागर त्यांनी पालथी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, मन्हा भिला जित्ता शे."

"आहेच की," मी म्हणालो. "सहा महिन्यांनी बघा त्याला."

त्याच क्षणी रस्त्याकडून हंबरडा ऐकू आला. लोणखेड्याची गाडी दारात उभी होती आणि माझी सासू, मावशी, सगळ्या तोंडाला पदर लावून उतरत होत्या. त्यांना ओसरीवर ताठ पडलेली मुलं दिसली, उशाच्या घागरी दिसल्या, आणि त्यांनी जो टाहो फोडला, त्यानं भिलासकट सगळी मुलं ताडकन उठून बसली. मेलेले उठले म्हणून पाहुण्या पळाल्या. आया पोरांवर तुटून पडल्या. पोरं त्यांच्या हातून निसटून ओढ्याकडे सुसाट धावली, आणि मागून आया. या गदारोळात डेप्युटीसाहेबांचा टांगा येऊन थांबला.

निर्मलाबाई तेवढ्या धीरानं ओसरीवर आल्या. डोळे रडून लाल झाले होते, पण आवाज थंड होता.

"रूपचंद काल आमच्या बाजारात सांगत होता, मास्तरांची सगळी लेकरं गेली. आधी मला एवढंच सांगा, तुम्हाला एवढी लेकरं झाली कधी, आणि कुणापासून?"

मी नुसतं घागरींकडे बोट दाखवलं. मग त्यांनीच मला सांगितलं, की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लाल घागर भरतात, वर बोळकं ठेवतात, सूत गुंडाळतात, ते घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. जिवंत माणसाच्या नावानं खान्देशात आजवर कुणी भरली नव्हती. मी अख्ख्या शाळेच्या भरल्या होत्या. ऐकून मला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण घागरींसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

साहेब मात्र ओढ्याकडे बघत होते. इतकी चपळ मुलं आणि इतका उत्साही पालकवर्ग आपण जिल्ह्यात कुठंही पाहिला नाही, असं ते म्हणाले. हे धोरण ज्या मास्तरनं राबवलं, त्याची खरी गरज डोंगरातल्या मुलांना आहे. महिन्याभरात त्यांनी माझी बदली, बढती म्हणून, धडगावला केली.

निघताना तळोद्याच्या बाजारातून आमची गाडी चालली होती. रूपचंदनं ती थांबवली आणि एक लाल घागर निर्मलाबाईंच्या हाती दिली. "धडगावले चालनात का? मंग हाई ऱ्हाऊ द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "तठे कुंभार नई शे."

निर्मलाबाईंनी घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घाटात फुटू नये म्हणून ती कडब्यात नीट गुंडाळून ठेवली.