डावा हात, मूळ प्रत

चौथ्या वॉर्डात रुग्णांची माहिती ठेवण्यासाठी नऊ साधनं होती. लाल वही, हिरवी वही, खाटेला अडकवलेला तक्ता, भिंतीवरचा फळा, संगणक, आणि या पाचांत काय लिहिलंय ते कळावं म्हणून ठेवलेल्या आणखी चार वह्या. माहिती मात्र दहाव्याच ठिकाणी असे: थोरल्या सिस्टरांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वरपासून कोपरापर्यंत, निळ्या बॉलपेननं.

ही खोड त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लागली. तेव्हाच्या मेट्रनबाई मोठ्या करड्या. चादरीवर एक सुरकुती दिसली तर अख्खी खाट पुन्हा घालायला लावत. त्यांनीच सांगितलं होतं, "मुली, कागद हरवतो. हात हरवून घरी गेलेली नर्स मी अजून पाहिलेली नाही." त्याला छत्तीस वर्षं झाली. वह्या आल्या, वह्या गेल्या, हात तोच राहिला.

त्या दिवशी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना तपासणीसाठी उपाशी ठेवलं होतं. अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आला: मशीन बिघडलंय, तपासणी रद्द, आजोबांना खायला द्या. थोरल्या सिस्टरांनी हातावर लिहिलं, "७ – रद्द. खायला द्या," आणि त्या दूध-पाव आणायला निघाल्या. दारातच अभिलेख अधिकारी आडवे आले.

"वॉर्डातल्या माहितीची पडताळणी आहे," ते म्हणाले. "कोणत्याही एका रुग्णाची नोंद दाखवा."

"सात नंबरची बघा. पण लवकर आटपा, आजोबांच्या पोटात कावळे ओरडतायत."

पडताळणी झाली. लाल वहीप्रमाणे आजोबा मंगळवारीच बरे होऊन घरी गेले होते. हिरव्या वहीप्रमाणे ते अजून दाखल व्हायचे होते. फळ्यावर ते नऊ नंबरच्या खाटेवर होते, आणि संगणकाप्रमाणे त्यांची प्रसूती सुखरूप होऊन बाळ-बाळंतीण खुशाल होती.

"असू दे," आजोबा खाटेवरून म्हणाले. "बाळंतिणीला तरी खायला देतात ना?"

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. तेवढ्यात त्यांची नजर सिस्टरांच्या हातावर पडली. चौदा खाटा, चौदा ओळी, एकही चूक नाही. उभ्या नोकरीत खरी नोंद ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे त्या हाताला 'मूळ अभिलेख' म्हणून घोषित केलं, आवक क्रमांक दिला आणि कोपराखाली गोल शिक्का मारला.

"आता यात खाडाखोड चालणार नाही. मूळ अभिलेख कपाटात राहतो."

"आणि मी?"

अधिकाऱ्यांनी नियमावली चाळली. "तुम्ही सोबतचं संलग्नक. संलग्नकाला स्टूल मिळतं."

अशा रीतीने हात अभिलेख-कक्षातल्या कपाटात गेला. दार अर्धवट लोटून त्याला लाल फीत बांधली, आणि फितीच्या अलीकडे स्टुलावर थोरल्या सिस्टर बसल्या.

दोन वाजता पाळी बदलली. धाकट्या सिस्टर कामाचा ताबा घ्यायला आल्या, त्या कपाटापाशीच.

"ताई, सात नंबरचे आजोबा रडकुंडीला आलेत. त्यांचं काय करू?"

"खायला दे गं त्यांना."

"तोंडी सूचना ग्राह्य नाही," अधिकारी म्हणाले.

"मग हात वाचू द्या तिला."

"अर्ज करावा लागेल. किंवा नक्कल देतो."

नक्कल काढण्यासाठी हात यंत्राच्या काचेवर दाबला. तिन्ही प्रतींत तो कोळशासारखा काळा आला, शिक्का तेवढा लख्ख उमटला. शिक्का स्पष्ट असल्यामुळे तिन्ही प्रती खऱ्या ठरल्या.

इतक्यात हस्तस्वच्छता निरीक्षक बाई हजर झाल्या. "सिस्टर, हा हात अकरापासून धुतलेला नाही. नव्या नियमाप्रमाणे तासातासाला, कोपरापर्यंत धुवायचा असतो."

"तो कपाटात होता हो."

"कपाटातल्या हाताला सूट नाही."

"धुतलात तर अभिलेख नष्ट केल्याचा मेमो," अधिकारी म्हणाले.

"नाही धुतलात तर अस्वच्छतेचा," बाई म्हणाल्या.

दोन्ही मेमो तयार झाले. पोच म्हणून सिस्टरांनी उजव्या हाताने सह्या केल्या. डावा शासकीय कामात होता. मग दोघांनी तासभर खल करून संयुक्त निर्णय दिला: हात धुवावा, मात्र अक्षरांना पाणी लागू देऊ नये.

निर्णयाची शाई वाळते न वाळते तोच सलाइनचा स्टँड ढकलत, भिंतीला धरत आजोबा दारात आले. "पोरी," ते सत्तावन्न वर्षांच्या सिस्टरांना म्हणाले, "डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागलेत. मला काय ते बाळंतीण समज, पण घासभर दे."

थोरल्या सिस्टरांनी फीत सोडली. त्या नळापाशी गेल्या, साबण घेतला आणि हात कोपरापर्यंत खसाखसा धुतला. चौदा ओळी मोरीत गेल्या. शिक्का काही निघाला नाही.

"अहो, हे काय केलंत?" अधिकारी मटकन स्टुलावर बसले.

"खायला वाढायच्या आधी हात धुतात. मेट्रनबाईंनी तेही शिकवलं होतं."

"पण मग आता मूळ नोंद कुठे आहे?"

"डोक्यात. आधीही तिथेच होती."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. अधिकाऱ्यांनी मोजपट्टी काढली होती. डोकं भरलं बावीस इंच, कपाटाचा कप्पा होता अठरा. नव्या कपाटाचा प्रस्ताव तातडीने वर गेला, आणि तो मंजूर होईपर्यंत डोकं इमारतीबाहेर नेण्यास मनाई झाली. माप घेण्याच्या या गडबडीत धाकट्या सिस्टर आजोबांना धरून मागच्या मागे निघून गेल्या. थोड्या वेळाने त्या परतल्या, तेव्हा त्यांच्या स्वेटरची डावी बाही मनगटापर्यंत ओढलेली होती.

हा किस्सा ऐकून लोक पोट धरून हसतात. मग विचारतात, शिक्का निघाला का शेवटी? त्या मेमोंचं काय झालं? आणि डोक्याचं कपाट आलं का हो? तुमच्याही ओठांवर यातलाच एखादा प्रश्न असेल. आजोबांच्या पोटात काही पडलं का, असं कोणी विचारलं, की धाकट्या सिस्टर बाही वर सारून दाखवणार आहेत. ती बाही अजून खालीच आहे.