वृत्तात लिहून आणा

बातमीकाकांनी घसा खाकरला, कागद सरळ केला आणि सवयीने समोर नसलेल्या माइककडे तोंड नेलं.

"नमस्कार. ठळक बातम्या. नव्या निवेदकाची पहिल्याच दिवशी बोबडी वळली. ग्रंथालयातल्या एका मुलीला रेडिओ ऐकताना हसू अनावर. तिच्या वडिलांचा लग्नाला तूर्त नकार. आता सविस्तर वृत्त..."

लेखनवर्ग खो-खो हसत सुटला. शिकवणाऱ्या बाईंनाही हसू आवरेना.

"काका, अहो हे काय?"

"तुम्हीच लिहिलं होतंत ना फळ्यावर? घरच्या माणसाबद्दल वृत्तात लिहून आणा म्हणून!"

"अहो, कवितेचं वृत्त! लघु, गुरू, मात्रा!"

आली का पंचाईत! मागच्या तासाला काका उशिरा पोचले होते आणि फळ्यावरचं शेवटचं वाक्य तेवढं हाती लागलं होतं. जन्मभर रेडिओवर बातम्या दिलेल्या माणसाला वृत्त म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

काकू एकदा सहज म्हणाल्या होत्या, "साऱ्या जगाचं सांगितलंत. माझ्याबद्दल कधी दोन ओळी?" म्हणाल्या हसतच, पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. लग्नाच्या वाढदिवसाला कविता द्यायचीच, म्हणून 'फिरायला जातो' अशी थाप मारून ते वर्गाला येत होते. आणि वाढदिवस तर उद्यावर आला होता.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. बोटांनी ठेका धरत पुटपुटू लागले, "लघु, लघु, गुरू... छे, इथे गुरू हवा!"

भाजी चिरता चिरता काकू कान टवकारून ऐकत होत्या. त्यांनी हळूच मुलीला फोन लावला. "अगं, बाबांच्या हाताला कंप सुटलाय. आणि सारखं कुठल्या तरी गुरूचं नाव घेतायत!"

मुलगी धावतपळत आली. "बाबा, कोण हा गुरू? खरं सांगा."

"अगं, एकच नसतो. आधी लघु येतात, मग गुरू."

"म्हणजे टोळीच आहे! आई, तू बस आधी खाली."

मग काय करतात बिचारे! सगळं कबूल करावं लागलं. "कविता काही जमली नाही," ते काकूंना म्हणाले. "नुसती बातमी झालीय. तीही हसण्यावारी गेली."

"वाचा बघू," काकू म्हणाल्या.

काकांनी वाचलं. ठळक बातम्या झाल्या, वडिलांचा नकार झाला. मग आवाज जरा खाली आला.

"निवेदक तेव्हापासून रोज 'नमस्कार' म्हटल्यावर क्षणभर थांबू लागला. त्या क्षणात तो मनात कुणाचं नाव घेई, हे आजवर गुलदस्त्यात होतं. वडिलांनी पुढे नकार मागे घेतला. हवामान: घरात अधूनमधून गडगडाट, एरवी आल्हाददायक. बातम्या संपल्या."

मुलगी खिडकीकडे वळून डोळे पुसू लागली. काकूंच्या हातातली सुरी केव्हाची थांबली होती.

"इतकी वर्षं मला वाटायचं, त्या 'नमस्कार'नंतर तुम्हाला ठसका लागतो," त्या म्हणाल्या. पदराने त्यांनी नाक पुसलं, खुर्ची जवळ ओढली आणि पूर्वी रेडिओजवळ बसायच्या तशा कान देऊन बसल्या.

"आणि संपल्या कशा? ठळक बातम्या पुन्हा एकदा राहिल्या की!"