इन्क्युबेटरला झेंडूचा हार

वाघमारे मॅडम दर रविवारी आदिलाबादच्या मटण बाजारात रांगेत उभ्या राहतात आणि मटण घेत नाहीत. थर्मास पुढे करून कापलेल्या शेळीचे अंडाशय मागतात. खाटीक म्हणतो, "मैडम, कभी गोश्त भी ले लो."

अंडाशयात मोहरीहून बारीक पुटिका असतात, प्रत्येकीत एक कच्चं बीजांड. शेळीबरोबर त्याही मरायच्या. मॅडम त्या सोडवून काचेच्या बशीत, शेळीच्या अंगाइतक्या उबेत वाढवतात. मोहल्ल्याला मात्र थर्मासमधलं मांस तेवढं दिसलं. एकटी बाई, त्यात आमच्या बौद्ध समाजातली. भानामतीची कुजबुज झाली आणि शिकल्यासवरल्या घरमालकानं खोली रिकामी करून घेतली. मी त्यांचा सहायक. पत्रक काढू, मोर्चा नेऊ म्हणालो. त्या म्हणाल्या, "आंदी बशी पाह्य." कशालाही हेच उत्तर. माझ्या साखरपुड्यातूनही त्यांनी मला याच वाक्यानं उठवून नेलं होतं.

यंदा दसऱ्याच्या वेळची खेप शेवटची होती. बीजांडं पिकली तर प्रकल्प चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. पण मॅडमच्या बाजारहत्नूरच्या म्हाताऱ्या आईला एकदा दीक्षाभूमी पाहायची होती. दरवर्षी टाळलेलं यंदा टाळवेना. आमच्या घरचेही निघाले होते. सगळे एकाच गाडीनं नागपूरला गेलो. लाइट गेली तर जनरेटर लाव, असं शिपाई पोशेट्टीला बजावलं होतं.

परतलो तर इन्क्युबेटरला झेंडूचा हार, कुंकू, पुढ्यात कापलेलं लिंबू. बटण बंद. आयुधपूजेला इथे यंत्रांना विसावा देतात, आणि पोशेट्टीनं पहिला मान मॅडमच्या यंत्राला दिला होता. शाबासकीची वाट पाहत तो हसत उभा होता.

मॅडमनी एकेक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळ्या पुटिका काळ्या पडल्या होत्या. पोशेट्टीला हळूहळू उमगलं, तसा तो भिंतीला टेकून खाली बसला.

विभागप्रमुखांनी विचारलं, मशीन कोणी बंद केलं? मी तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडूनच झालं, सर."

बाहेर आल्यावर मी भडकलो. खोटं काऊन बोलल्या, म्हणून भांडलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याची कंत्राटी नोकरी गेली त मेलेल्या पुटिका जित्या होतात काय?"

संध्याकाळी कुलूप लागलं. पायरीवर बसलो असताना मॅडमच्या आईचा फोन आला. म्हातारीची अजून समजूत आहे की लेक सरकारी शेळ्या पाळते. ऐकू कमी येतं म्हणून ती ओरडून बोलते. मला सगळं ऐकू येत होतं. माह्यापायी तू नागपूरले आली, मांगं तुह्या शेळ्याइले काई झालं त नाई?

मॅडम म्हणाल्या, "नाई वं माय. बऱ्या हायत. चारा खाऊन बसल्या."