माळ्यावरचा कट

रंगारी माळ्यावरून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्या हातात मफलरमध्ये गुंडाळलेली क्लॅरिनेटची पेटी. "साहेब, हे कुणाचं?" त्याने भर बैठकीत विचारलं, आणि चहा पिणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचे कप ओठांपाशीच थांबले.

अप्पा निवृत्त सरकारी वकील. निवृत्तीनंतर त्यांनी क्लॅरिनेट शिकायला घेतलं होतं, म्हणजे घरादाराचा छळ मांडला होता. मग मागल्याच्या मागल्या वर्षी ते वाद्य एकाएकी गायब झालं आणि वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य पुन्हा जिन्यात हसून बोलू लागले.

"कट!" अप्पा गरजले. "माझ्याच घरात माझ्याविरुद्ध फौजदारी कट! दोषींना शिक्षा एकच. रोज संध्याकाळी तासभर समोर बसून माझा रियाज ऐकायचा."

पाहुणा म्हणून आलेल्या जावयाला एकदम घरच्या कामांची आठवण झाली. मुलाने मात्र धीर केला.

"अप्पा, हे मुदतबाह्य आहे. वर्ष उलटलं की जुनं उकरायचं नाही, हा नियम तुमचाच." हा नियम अप्पांनी बायकोच्या तक्रारींना घाबरून केला होता, पण तो भाग वेगळा.

"कटाची मुदत शेवटच्या कृत्यापासून मोजतात, चिरंजीव! परवा मी वाद्याची चौकशी केली, तेव्हा पलंगाखाली वाकून शोधण्याचं नाटक कुणी केलं? तिथून नवी मुदत सुरू."

आता जावई पुढे सरसावला. "अप्पा, मी तर केव्हाच अंग काढून घेतलं होतं. मनातून."

"मनातून? जावईबापू, बाहेर पडलो म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं असतं. साथीदारांना सांगितलंत? मला सांगितलंत?"

"नाही."

"मग तुम्ही आतच आहात. बसा खाली."

रंगाऱ्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बैठक मारली. असं फुकटात रोज कुठे बघायला मिळतं?

आई अजून बोललीच नव्हती. नवऱ्याच्या उलटतपासणीची तालीम तिने जन्मभर कपबशा विसळता विसळता ऐकली होती. तिने हातातला कप शांतपणे खाली ठेवला.

"पेटी मी लपवली. कबूल. पण मी ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळली होती. हा मफलर कुणाचा?"

मफलर अप्पांचा होता. तपकिरी, दोन्ही टोकांना उसवलेला. "तो... थंडीत हरवला होता."

"आणि शिडी लावून माळ्यावर चढला? अहो, तुम्हाला पेटी तेव्हाच सापडली होती!"

"निव्वळ संशय! सिद्ध करायची जबाबदारी तुझी. शंकेला जागा न ठेवता!"

"करते ना. निवृत्त वकिलांच्या संमेलनात तुमचं वादन ठेवलं होतं. 'वाद्य चोरीला गेलं हो, नाहीतर वाजवलंच असतं,' असं डोळ्यांत पाणी आणून कोण म्हणालं? आमच्या कटाचा सगळा फायदा तुम्ही उपटलात!"

अप्पांचा आवाज खाली आला. "अगं, मला तीनच सूर येतात. त्यातला एक तर चुकून लागतो. चारचौघांत हसं झालं असतं माझं." मग त्यांच्यातला वकील पुन्हा जागा झाला. "पण संमेलन संपलं आणि मी कटातून बाहेर पडलो!"

"परवा त्या शोधाशोधीत माझं बोट चुकून माळ्याकडे गेलं, तर 'तिथे मी बघितलंय' असं घाईघाईने कोण म्हणालं? शेवटचं कृत्य तुमचंच. तरी बाहेर पडलात म्हणता? सिद्ध करा मग. उघडा पेटी आणि वाजवा."

मुलाने कानांवर हात नेले. जावयाने डोळे मिटले. अप्पांनी पेटीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मान खाली घातली.

"गुन्हा कबूल."

मुलाने आणि जावयाने एकच जल्लोष केला. एवढ्या वर्षांच्या संसारात आई आज पहिल्यांदा नवऱ्याशी कायद्याने भांडली होती आणि सरळसरळ जिंकली होती. तिला झालेला आनंद तिने लपवलाही नाही. पदर खोचून ती रंगाऱ्याकडे वळली.

"पेटी होती तिथे ठेवा. आणि माळ्याचं दार रंगाने असं बसवा की पुन्हा उघडायला नको."

"दोन हात मारू की तीन, बाई?"

"तीन," अप्पाच घाईने म्हणाले, "आणि फटीसुद्धा भरा."