धर्म-अभ्यास विभागाच्या खिडकीची मोहीम

मंडळींनी पुसिले की, धर्म-अभ्यास विभागाची खिडकी कोणते प्रसंगी उघडली, शिकस्त कोणाची जाहली आणि यश कोणी घेतले, ते साद्यंत लिहावे. त्याजवरून हे वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता, लिहिले असे. लावलेच असेल तर चवीपुरते.

विभागाचा मुलूख म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. तीत चार मेजे, दोन कपाटे, एक चहाची किटली आणि पश्चिमेस एक थोर खिडकी. या मुलुखाचे संस्थापक थोरले सर, तळटीपबहाद्दर, यांनी पाइप ओढीत ओढीत विभाग नावारूपास आणिला आणि मग निवृत्तीचे दिवशी जाता जाता दस्तुरखुद्द हाताने उघडी खिडकी ओढून लाविली. पुढे वर्षभरात ते निवर्तले. खिडकी लागली ती लागलीच.

त्यांचे पट्टशिष्य हल्लीचे विभागप्रमुख. हे रोज सकाळी खोलीत शिरत आणि प्रथम खिडकीच्या कडीस दोन बोटे लावीत आणि मगच पिशवी खाली ठेवीत. दुसरे सरदार उंच प्राध्यापक. यांचे मत की, आत थोरल्या सरांची हवा आहे, सबब खिडकी उघडू नये, परंतु काच आतून पुसण्यास हरकत नाही. तिसरे चष्मेवाले प्राध्यापक, यांचे मत की, काचेसही फडके लागू नये, कारण तीवरचा धूर थोरल्या सरांचा आहे. या मतभेदापायी उभयतांत बेबनाव होऊन किटली दोनदा तापू लागली, कारण एकाने केलेला चहा दुसरा घेईना.

आणि मौज ऐसी की, हेच तिघे मातबर सरदार पहिल्या वर्षाच्या पोरांस दरसाल फळ्यावर लिहून देत की, पवित्र म्हणजे जे रोजच्या वापरातून बाजूस काढून जपले ते. निषेध म्हणजे हात लावू नये ऐसा हुकूम, ज्याचे कारण पुसण्याची सोय नाही. विधी म्हणजे ठरल्या रीतीने पुन्हा पुन्हा केलेली कृती. मिथक म्हणजे आरंभी काय घडले याची गोष्ट, जीवर समूह उभा राहतो. आणि अर्थ लावण्यावरून एका श्रद्धेचे लोक फुटले म्हणजे पंथ निघतो. इतके लिहून ते हातांचा खडू झटकीत आणि खोलीत येऊन कडीस बोटे लावीत.

ऐशा मुलुखात नव्या बाई दाखल जाहल्या. बाई विद्येने भारी, परंतु छातीने नाजूक. दमा लहानपणापासूनचा. त्यांस मेज मिळाले ते नेमके खिडकीलगतचे. तेथे मुरलेल्या तंबाखूचा वास, कपाटांची धूळ आणि दोन वेळच्या किटलीची वाफ एकवटून बाईंच्या छातीत शिट्टी वाजू लागली. एके दिवशी त्यांनी सहज म्हणून कडीस हात घातला, तो तिन्ही सरदार खुर्च्या सारून एकदम उभे राहिले. बाईंनी हात मागे घेतला आणि ओशाळून केस सारखे केले.

मग बाईंनी पहिला हल्ला विज्ञानाचा केला. अर्ज गुजारिला की, दार उघडते तितके वेळा हवा बदलते, सबब थोरल्या सरांची हवा केव्हाच जिना उतरून गेली आहे. चष्मेवाल्यांनी तो तिथल्या तिथे मोडून काढिला की, श्रद्धेचा न्याय पुराव्याने करू नये हे बाई स्वतःच वर्गात शिकवितात. दुसरी मसलत फितुरीची. उंच प्राध्यापकांस एकांती गाठून बोटभर फटीचा तह सुचविला. ते अर्धे राजीही जाहले. परंतु चष्मेवाल्यांची पावले वाजताच फडके घेऊन काच पुसू लागले आणि तह बुडाला.

घरी धाकटी बहीण रोज कान भरी. दुसऱ्या गावच्या कॉलेजातून बोलावणे आले होते. तेथे खोल्या मोकळ्या, पगार बरा, फक्त विषय निराळा. होय की नाही ते त्याच आठवड्यात कळवायचे होते. बहिणीचा हुकूम जाहला की, ताई, जीव आधी. बाईंना ते पटत होते आणि म्हणूनच रडू येत होते. ज्या विषयापायी घरातल्या थोरामोठ्यांची बोलणी खाल्ली, तो विषय शिकवणारी जवळपास ही एकच खोली, आणि तीत श्वास घेता येत नव्हता.

तेव्हा बाईंनी डोळे पुसून तिसरी आणि निर्वाणीची तजवीज केली. पहिल्या वर्षाच्या फौजेस स्वाध्याय दिल्हा की, जवळचा एखादा समूह पाहावा, आतल्याची नजर समजून घ्यावी, बाहेरच्याची नजर सोडू नये, आणि शिकलेल्या संज्ञा लावून दाखवाव्या. कोणता समूह, ते बाईंनी सांगितले नाही. फक्त वह्या तपासून घेण्याचे निमित्ताने पोरांस दिवसभर खोलीत येऊ दिले.

सादरीकरणाचे दिवशी विभागप्रमुख खासा परीक्षणास बसले. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि सांगू लागली की, समूह तिघांचा आहे, संस्थापकाची गोष्ट तिघे तीन तऱ्हांनी सांगतात, पंथ दोन आहेत आणि ते एकमेकांचा चहा पीत नाहीत, पवित्र वस्तूस रोज सकाळी स्पर्श होतो, आणि तिजमागे जपलेला अवशेष म्हणजे हवा आहे. विभागप्रमुख खूश होऊन मान डोलावीत होते. हवेचा अवशेष त्यांनी उभ्या हयातीत ऐकिला नव्हता. त्यांनी कौतुकाने पुसिले की, हा समूह कोठे गवसला.

"स्टाफरूममध्ये, सर," मुलगी म्हणाली.

विभागप्रमुखांनी त्या मुलीस पैकीच्या पैकी गुण दिल्हे आणि उठून खोलीकडे कूच केले. नव्या बाई मागोमाग गेल्या. नोकरी आता आपणच सोडायची की तेच काढतील, इतकाच प्रश्न उरला आहे ऐसे त्यांस वाटले. विभागप्रमुख खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"हवा कधीच गेली, हे मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?" ते म्हणाले. "सगळं कळत होतं, बाई. पण ही उघडली की सर गेले, असं होईल ना."

बाईंना त्यांचा राग येणे होते, तो आला नाही.

"सर गेलेत, सर," त्या म्हणाल्या. "मला राहायचंय."

विभागप्रमुखांनी कडीस दोन बोटे लाविली. मग पाचही लाविली. कडी सरकली, परंतु खिडकी रंगाने चिकटून बसली होती, ती हलेना. तेव्हा आपापल्या मेजांवरून उठून उंच प्राध्यापकांनी वरचा मोर्चा धरिला, चष्मेवाल्यांनी चष्मा खिशात घालून खालचा धरिला, फटीत पोलादी पट्टी चालविली, बिजागऱ्यांस तेल पाजिले आणि तिघांनी मिळून खांदा दिल्हा. मोठा कडाका होऊन खिडकी उघडली. मेजांवरचे कागद चौफेर उधळले आणि रस्त्यावरच्या कोणा गाडीचा हॉर्न खोलीत आला. चष्मेवाले बराच वेळ बाहेर बघत राहिले. उंच प्राध्यापकांनी चहा टाकला, आणि तो सगळ्यांनी घेतला.

येणेप्रमाणे खिडकी फत्ते जाहली. नव्या बाईंनी दुसऱ्या गावी नकार कळविला, बहिणीची बोलणी खाल्ली आणि छाती भरून श्वास घेतला. खिडकी सांप्रत दिवसभर उघडी असते. वारा गार आहे. विभागप्रमुख मफलर गुंडाळून काम करितात, आणि बाईंनी थंडी वाजते का म्हणून पुसिले असता, नाही म्हणतात.